हार्लनची तहानलेली बाग

१४ ऑगस्ट २००३

पोचले. गावाकडे विचारतील अमेरिका कशी आहे, तर सांगेन, दुष्काळी जतसारखी आहे. सिएटलला उतरले तेव्हा हिरवंगार होतं, वाटलं पोरगा बऱ्या ठिकाणी आहे. मग सुनेने, कादंबरीने, गाडी डोंगरावर घातली, दुपारभर हाकली, आणि पलीकडे उतरलो तर नुसते पिवळे माळ आणि वाळकी झुडपं. पाऊस म्हणे डोंगराच्या अलीकडेच संपतो. अशा ठिकाणी सरकार शिक्षा म्हणून बदली करतं. माझा मुलगा आपणहून आला.

आपणहून तरी कसं म्हणू? रेडमंडच्या मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी होती, ग्रीन कार्ड हातात पडलं, आणि तेव्हाच नोकरी सोडून या हार्लन नावाच्या खेड्यात दारूच्या द्राक्षांची बाग कसायला घेतली. मी गाडीतच विचारलं, ही कल्पना कुणाची? कादंबरी म्हणाली, "माझीच, आई. मीच म्हटलं त्याला, सोड." ईशान तिच्या शेजारी बसून खिडकीतून बाहेर बघत होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पुण्याची सून केली तेव्हाच माझी जाऊ म्हणाली होती, शरयू, पोरगा गेला हातचा.

तासगावला फवारणीची वही रोज लिहायची सवय. ती वही बागेबरोबर पुतण्याच्या ताब्यात दिली, ऑक्टोबरची छाटणी तोच बघणार. हात शिवशिवतो म्हणून ही नवी वही. जानेवारीपर्यंत मुक्काम आहे आणि लिहिण्यासारखा राग भरपूर आहे.

१७ ऑगस्ट

बाग बघितली. नवरा गेल्यापासून मी एकटीने चार एकर बिनबियांची द्राक्षं काढते, दुबईला माल पाठवलाय, त्यामुळे बाग कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवू नये. आमच्याकडे वेल मांडवावर चढवतात, खाली सावलीत माणूस जेवून झोपू शकतो. इथे कंबरेइतक्या तारांवर वेली ताणल्यात. घड मुठीएवढे, मणी वाटाण्याएवढे आणि आत बी! बी असलेलं द्राक्ष आमच्या बाजारात गाढवासमोरसुद्धा टाकत नाहीत.

आणि माती! बोटाने उकरली तर कोपरापर्यंत कोरडी. ठिबकच्या नळ्या टाकल्यात, विहिरीला पाणी आहे, आणि पाणी बंद! मला वाटलं मोटार जळाली.

"नाही आई, मुद्दामच देत नाही," कादंबरी म्हणाली. "वाईनच्या द्राक्षांना स्ट्रेस लागतो. मणी लहान राहिला की साल जास्त, फ्लेवर जास्त."

झाडाला तहानलेलं ठेवायचं आणि त्याला शास्त्र म्हणायचं. ही बाई कधी पोटुशी राहिली तर देव त्या बाळाला वाचवो.

जमिनीचा मालक वॉल्टर म्हणून म्हातारा आहे, सत्तरीचा, पलीकडच्या टेकडीवर त्याची स्वतःची बाग आणि वाईनचा कारखाना. त्याने ही बाग ईशानला दोन वर्षं कसायला दिली, ते दुसरं वर्ष आता संपतंय. माल वॉल्टरच घेणार. यंदाचा माल त्याच्या मनासारखा उतरला तर पुढची दहा वर्षं बाग यांच्याकडे, नाही तर दुसऱ्याला. एवढं सगळं कादंबरीने सांगितलं. ईशानला विचारलं, दहा वर्षं इथे राहायचंय तुला? तो म्हणाला, "चालेल, आई."

२३ ऑगस्ट, शनिवार

आज पाहुणे. कादंबरीने मागची खोली सजवून ठेवलीय, रेडमंडची मराठी मंडळी शनिवार-रविवार येतात, सकाळी मिसळ खातात आणि दिवसभर कारखान्या-कारखान्यांत वाईन चाखत फिरतात. मिसळ करायला आता मी आहेच.

आजची बाई मृणालिनी, नागपूरची, डोक्यावर गॉगल. नवरा फोटो काढण्यापुरता. "काकू, यू आर सो लकी! इतकं ब्यूटिफुल आहे इथे, यार आम्ही तर सगळं सोडून इथेच शिफ्ट व्हावं म्हणतोय." मी म्हटलं, जरूर या, तण काढायला माणूस मिळत नाही.

त्यांच्याबरोबर मलाही नेलं. दरीत पाच-सहा कारखाने आहेत, जुन्या कोठारांना रंग देऊन दुकानं केलीत, दारात सूर्यफुलं, आत चीज. एका लांबलचक काळ्या मोटारीतून एक होऊ घातलेली नवरी आणि तिच्या मैत्रिणी उतरल्या, त्या आधीच तर्र होत्या. आणि प्रकार काय, तर पेल्यात दोन बोटं वाईन घ्यायची, नाक खुपसायचं, तोंडात खळखळ करायची आणि पिंपात थुंकायची. पैसे देऊन! आमच्याकडे दारुडा निदान गिळतो तरी.

वॉल्टरने आपल्या कारखान्यात घराण्याचा इतिहास सांगितला, कादंबरी मराठीत सांगत गेली. त्याच्या आजोबाने शेजाऱ्यांना घेऊन नदीपासून कालवा खणला. त्या कालव्यावर दरी उभी राहिली. मग देशभर दारूबंदी आली, तेव्हा पोलिसांनी आजोबांची पिंपं कुऱ्हाडीने फोडून त्याच कालव्यात ओतली, बदकं चार दिवस झोकांड्या खात होती. दारूबंदी हा शब्द ऐकून या देशाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. तो टिकला नाही, कारण पुढे उठवली म्हणे.

कादंबरी हे सगळं रंगवून सांगत होती, पाहुणे हसत होते. ईशान बाहेर गाडीत बसून होता. डोकं दुखतंय म्हणाला.

२ सप्टेंबर

पाण्यावरून आज चांगलीच जुंपली. पानं दुपारी मान टाकतात, मला बघवत नाही. कादंबरीला म्हटलं, अगं, चार दिवस पाणी सोड, मण्याला फुगवण येईल, घड भरेल, वजन वाढेल.

"आई, प्लीज. वजन नकोय आपल्याला. वॉल्टर शुगर बघून माल घेतो."

"फुगवण आली की गोडीही येते."

"तुमच्या टेबल-ग्रेप्सला येत असेल. मी कोर्स केलाय याचा."

कोर्स! मी पंचवीस वर्षं गारपीट, भुरी आणि दलाल अंगावर घेतले आणि ही मला कोर्स सांगते. मी ईशानला हाक मारली, म्हटलं तू सांग, तू बागेत वाढलास. हा तोच मुलगा, ज्याने बारावीत असताना छाटणी काडीच्या कुठल्या डोळ्यावर घ्यायची यावरून माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. दारात उभा राहिला, दोघींकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमचं काय ते ठरवा. मला दोन्ही चालेल."

बायकोने पार मेंढरू करून टाकलंय.

९ सप्टेंबर

ईशान दहा-दहा वाजेपर्यंत उठत नाही. शेतकऱ्याचा मुलगा! उठला तरी दाढी नाही. कादंबरी पहाटे बागेत, मग वॉल्टरच्या दुकानात पेले धुवायला, परत येऊन स्वयंपाकघरात लुडबुड. सकाळी चहाबरोबर त्याच्या हातावर एक गोळी ठेवते आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहते. मी विचारलं कसली? म्हणाली, व्हिटॅमिन. मुलगा माझा, आणि व्हिटॅमिन ही भरवणार. दर पंधरवड्याला त्याला घेऊन सिएटलला जाते, पाठीचा डॉक्टर आहे म्हणे. पाठ कधी धरलेली मी तरी पाहिली नाही.

एकदा मात्र तो वेलींच्या ओळीत उकिडवा बसून सुटलेली फांदी तारेला बांधताना दिसला. हळूहळू, लहानपणी बांधायचा तशी गाठ. मी जवळ गेले तर उठला. कादंबरी नंतर म्हणाली, "इथे पहिल्यांदा आलो ना, तेव्हा तो अख्खा दिवस असाच बसला होता. मी तेव्हाच ठरवलं, इथेच यायचं." ठरवायची हौसच भारी.

१६ सप्टेंबर

दोघं सकाळी सिएटलला गेली. उद्या रात्री येणार. काढणीला आठवडा राहिलाय.

दुपारी बागेत गेले. ऊन भाजत होतं. शेवटच्या ओळीतली पानं कडेने करपलीत, मणी हाताला मऊ लागतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. झाडाला बोलता येत नाही म्हणून त्याचा छळ करायचा? आणि उद्या तो म्हातारा म्हणणार, माल हलका आहे, बाग दुसऱ्याला देतो, मग माझ्या मुलाने जायचं कुठे? नोकरी गेली, बाग गेली, ही पुण्याला माहेरी निघून जाईल आणि तो गाडीत बसून राहील.

विहिरीजवळचा मोठा वॉल्व्ह उघडला. नळ्यांत हवा फुसफुसली आणि पाणी ठिपकायला लागलं. ओल्या मातीचा वास आला तेव्हा या मुलखात आल्यापासून पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

१८ सप्टेंबर

काल रात्री ती दोघं उशिरा आली. आज पहाटे कादंबरी बागेतून पळत आली. चपला चिखलाने भरलेल्या.

"आई, वॉल्व्ह कुणी उघडला?"

"मी. तहानलेल्याला पाणी देणं गुन्हा असेल तर पोलिसांना बोलाव."

मला वाटलं आता ही तोंड सोडेल, माझीही तयारी होती. ती खुर्चीवर बसली. तोंडावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "ईशानला सांगू नका. मी सांगते, मी विसरले म्हणून."

"का? मी भिते की काय त्याला?"

"तुम्ही नाही हो. त्याला आत्ता नाही झेपणार. तुम्ही एवढ्या लांबून आलात, आणि तुमच्या हातून झालं म्हटलं तर तो स्वतःलाच... प्लीज आई."

मला सगळं समजतं. ईशानला कळलं असतं तर त्याने आईची बाजू घेतली असती, म्हणून ही धडपड. गप्प राहिले. घरात तमाशा नको.

२२ सप्टेंबर

हे लिहायला हात उठत नाही. गच्च घडांत मणी फुगले आणि एकमेकांवर दाबून तडकले. रस गळतो, त्यावर गांधीलमाश्यांचे थवे. काही घडांना आतून बुरशी. आमचा घड मोकळा असतो, त्यात मणी फुगायला जागा असते. इथल्या जातीचा घड मुठीसारखा आवळलेला, हे मी रोज बघत होते आणि माझ्या ध्यानात आलं नाही. पंचवीस वर्षं बाग केली आणि ध्यानात आलं नाही.

वॉल्टर आला. एक मणी तोंडात टाकला, बी दाढेखाली फोडून बघितलं, साखर मोजायच्या नळीवर दोन थेंब पिळून डोळा लावला. पुन्हा पिळले. मग टोपी काढून काखेत धरली. कादंबरी त्याच्यापुढे उभी राहून म्हणाली की वॉल्व्ह तिच्याकडून उघडा राहिला. माझं इंग्रजी औषधाच्या डब्यावरच्या लेबलापुरतं, पण एवढं कळलं. माल घेणार नाही म्हणाला. बागेचं हंगामाच्या जेवणानंतर बघू म्हणाला, पण त्याचं तोंडच सांगत होतं.

ईशानला कादंबरीने तेच खोटं सांगितलं. तो म्हणाला, "चालेल." जाऊन झोपला. दुपार झाली तरी उठला नाही. कादंबरी दाराबाहेर जमिनीवर बसून होती, आत जात नव्हती, उठतही नव्हती.

तिने माझ्याकडे एकदाही रागाने बघितलं नाही. याचा मला जास्त संताप आला.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज वॉल्टरकडे हंगाम संपल्याचं जेवण. अक्रोडाच्या झाडाखाली लांब टेबल, काढणीला आलेले मजूर, शेजारचे बागवाले, बायकापोरं, सगळे एका पंगतीला. मला यायचं नव्हतं. कादंबरीने ईशानला दाढी करायला लावली, शर्ट घालून आणलं, जत्रेत मूल धरून आणावं तसं.

वॉल्टरच्या आजोबांच्या काळापासून इथे एक रीत आहे, कादंबरी माझ्या कानात सगळं मराठीत सांगत होती. यंदाची कोवळी वाईन मोठ्या सुरईत भरून मधोमध ठेवतात, आणि टेबलावरच्या प्रत्येकाने या हंगामात आपल्या हातून झालेली एक चूक उभं राहून सांगायची. शेवटच्या माणसाची चूक सांगून होईपर्यंत पेल्यात थेंब पडत नाही. वॉल्टरने स्वतःपासून सुरुवात केली, दोन पिंपांची झाकणं नीट लावली नाहीत, वाईनचं व्हिनेगर झालं. लोक टेबल बडवून हसले. एका मजुराने ट्रॅक्टर कालव्यात घातला होता. हसण्यावारी नेतात सगळं. या लोकांना लाज म्हणून नाही, असं मी मनात म्हणत होते.

कादंबरीची पाळी आली. उभी राहिली, आवाज स्वच्छ. वॉल्व्ह मी उघडा ठेवला, माझ्यामुळे बागेचा माल गेला. या वेळी कुणी हसलं नाही. शेजारची बाई तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. ती खाली बसली आणि माझ्याकडे न बघता माझ्या ताटात बटाटे वाढले.

ते बटाटे बघून माझं टाळकं सरकलं. माझी चूक हिने का घ्यायची? ही कोण मोठी लागून गेली? उद्या मरेपर्यंत हिच्या उपकाराखाली वावरायचं? नवऱ्याच्या मयतीला भावांकडून लाकूड घेतलं नाही मी, या पोरीकडून चूक पांघरून घेऊ?

उभी राहिले. म्हटलं, "नो. वॉटर, आय ओपन. मी. शी नॉट." आणि मराठीत ईशानला म्हटलं, "वॉल्व्ह मी उघडला. तुझी बायको खोटं बोलतेय. मला वाटलं घड भरतील."

कादंबरीने डोळे मिटले.

ईशान उठला. खुर्ची मागे पडली. मग असा ओरडला, की अक्रोडावरचे पक्षी उडाले. "तुला किती वेळा सांगितलं! किती वेळा! कधी कुणाचं ऐकणार आहेस का तू? बाबांचं नाही ऐकलंस, माझं नाही, हिचं नाही! आय टाइड एव्हरी सिंगल रो माझ्या हाताने! दोन वर्षं! कोण समजतेस तू स्वतःला, द्राक्षांची महाराणी? तासगाव नाहीये हे!" आणखी पुष्कळ बोलला, त्यातलं काही या वहीत लिहिणार नाही. बारावीनंतर तो माझ्याशी असा बोलला नव्हता. मीही सोडलं नाही, म्हटलं, आवाज खाली कर, आईशी बोलतोयस. तर म्हणाला, नाही करणार!

आणि कादंबरी रडत होती. दोन्ही हातांत तोंड धरून, खांदे हलत होते. मला वाटलं नवऱ्याची अब्रू गेली म्हणून रडतेय. हात काढले तेव्हा दिसलं, हसतही होती.

वॉल्टरने दोघांकडे बघितलं, टोपी टेबलावर ठेवली आणि सुरई उचलली. सगळ्यांच्या चुका झाल्या होत्या.

१२ ऑक्टोबर

ईशान उजाडायच्या आत उठला. हाक मारली नव्हती कुणी. जोडे घालून टेकडी चढून वॉल्टरकडे गेला. उन्हं चढल्यावर परत आला, बोलून-बोलून घसा बसलेला. भांडून एक वर्ष मिळवलं म्हणाला. दहाचं नंतर बघू, पण एक वर्ष पक्कं. वॉल्टरची अट एकच, विहिरीच्या वॉल्व्हला कुलूप लावायचं.

मग दोन ताटं भरतील एवढं जेवला. आंबट चेहऱ्याने म्हणाला, आमटीत मीठ जास्त झालंय. मीठ बरोबर होतं.

हात धुऊन आला आणि समोर बसला. "आई, तू परत जा. चिडून नाही म्हणत. चिडलोय, पण म्हणून नाही म्हणत. तू इथे असलीस की मी एक तर तुझ्याशी भांडेन, नाही तर झोपून राहीन. मला बाग करायचीय."

मी म्हटलं, मला तरी कुठे राहायचंय तुझ्या वाळवंटात. छाटणी तोंडावर आलीय माझी.

मोरीत जाऊन नळ सोडून बसले. मला वाईट वाटलं. खूप वाटलं.

१६ ऑक्टोबर, सिएटल विमानतळ

कादंबरी सोडायला आली. ईशान आला नाही, त्याला तडकलेल्या मालाच्या फांद्या साफ करायच्या होत्या. निघताना गाडीच्या खिडकीशी आला आणि पुतण्याला छाटणी उशिरा घ्यायला सांग, म्हणून माझ्याशी वाद घालत राहिला. मी म्हटलं, माझ्या बागेत नाक खुपसू नकोस. शेवटी कादंबरीने गाडी सुरू केली तरी तो बोलतच होता.

डोंगर ओलांडून पावसाची बाजू लागली तेव्हा ती एकदम म्हणाली, "दोन वर्षं, आई. दोन वर्षं तो कुणावर चिडला नव्हता. नोकरी गेली तेव्हासुद्धा नाही."

"नोकरी सोडली," मी म्हटलं. "तूच सांगितलंस ना, तूच म्हणालीस सोड."

तिने काचेवरचे वायपर सुरू केले. गाडी लावल्यावर सामान काढायच्या आधी तिने फोन लावला. इंग्रजीत होतं, पण ईशानचं नाव आणि माझं नाव कळलं, आणि 'अँग्री' हा शब्द तीन-चारदा आला. लग्नाची बातमी सांगावी तसा आवाज होता. मी विचारलं, कुणाला कळवतेस? म्हणाली, "डॉक्टरांना. ते म्हणाले होते, ज्या दिवशी भांडेल त्या दिवशी लगेच सांगा. शनिवारपासून ट्राय करत होते, आज लागला."

नवरा आईला चारचौघांत नाही नाही ते बोलला, म्हणून आनंदाने डॉक्टरला फोन करणारी सून मी तरी पाहिली नव्हती. जाताना पाया पडली. मी आशीर्वाद दिला, तोंडातून आपोआप आला. तिचा हात माझ्या हातात राहिला, खरबरीत, तारांनी कापलेला, बागाईतदारणीचा हात.

पाठ दुखणाऱ्या माणसाच्या चिडण्याशी डॉक्टरला काय करायचंय, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.